स्पर्धा त्यांची, सहकार्यही त्यांचेच. मग धुरात उभे कोण?

कार्बन उत्सर्जन हा विषय निघाला की आपल्या चळवळीतले बरेच कार्यकर्ते तोंड फिरवतात. हा एसीत बसणाऱ्यांचा विषय आहे, आपल्यापुढे अत्याचाराचे, शिष्यवृत्तीचे, खाजगीकरणाचे प्रश्न आहेत, असे आपण सहज बोलून जातो. आम्हाला हे मान्य नाही. ज्या विषयावर उद्याचे कारखाने उभे राहणार आहेत आणि आजचे बंद पडणार आहेत, तो विषय आपला नाही असे म्हणणे म्हणजे निर्णयाच्या टेबलावरची आपली खुर्ची आपणच काढून घेणे होय.

आपल्या भंडारा जिल्ह्याकडेच पाहा. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे 'मॉयल' या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. पोलाद बनवायला मँगनीज लागतेच. वरठीला, भंडारा रोड स्टेशनजवळ, सनफ्लॅग कंपनीचा पोलाद कारखाना आहे. तिथले मिश्रपोलाद वाहन उद्योगाला जाते. लाखनी तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात. खाण, भट्टी आणि गिअरबॉक्स. एका मालवाहू ट्रकच्या जन्माचे तीन टप्पे आपल्या एका जिल्ह्यात आहेत. या तिन्ही ठिकाणी घाम गाळणाऱ्यांत आणि त्यांच्या आजूबाजूच्या वस्त्यांत आपला समाज आहे. तेव्हा पोलादवाले आणि ट्रकवाले कार्बन कमी करण्यासाठी आपसात काय ठरवतात, हा थेट आपल्या चुलीचा प्रश्न आहे.

सध्या एक गोड भाषा कानावर पडते. प्रतिस्पर्धी कंपन्या आता हवामानासाठी एकत्र येत आहेत, स्पर्धा बाजूला ठेवून सहकार्य करत आहेत, असे सांगितले जाते. दुसरीकडे, बाजारातली स्पर्धाच कार्बन कमी करील, सरकारने मध्ये पडू नये, असेही सांगितले जाते. या दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. भांडवलदार एकमेकांशी स्पर्धाही करतात आणि सहकार्यही करतात. कधी काय करायचे, हे ते आपल्या नफ्याकडे पाहून ठरवतात. आपण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: नियम कोणी घातला, मोजमाप कोणी केले आणि त्या टेबलावर कामगार होता का?

इतिहास आठवा. मुंबईचे गिरणीमालक कापड विकताना एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. पण १८७५ मध्येच त्यांनी आपली संघटना उभी केली होती. १९२५ मध्ये मजुरीत साडेअकरा टक्के कपात करायची वेळ आली, तेव्हा हे सगळे प्रतिस्पर्धी एका सुरात बोलले. कापडाच्या दुकानात स्पर्धा आणि मजुराच्या ताटापुढे एकी, असा तो प्रकार होता. कामगारांनी संप केला तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली.

आता ट्रकच्या धंद्यातले ताजे उदाहरण घ्या. १९ जुलै २०१६ रोजी युरोपियन आयोगाने मान, व्होल्वो-रेनो, डायम्लर, इव्हेको आणि डाफ या ट्रक कंपन्या दोषी असल्याचा निर्णय दिला. एकूण दंड सुमारे २९३ कोटी युरो. मान कंपनीने स्वतः माहिती फोडली म्हणून तिला दंडातून सूट मिळाली. गुन्हा काय होता? १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षे या कंपन्या ट्रकच्या किमती आपसात ठरवत होत्या. त्याशिवाय, प्रदूषण कमी करणारे नवे तंत्रज्ञान बाजारात कधी आणायचे आणि त्याचा खर्च ग्राहकांवर कसा टाकायचा, हेही त्या संगनमताने ठरवत होत्या. हेदेखील प्रतिस्पर्ध्यांचे सहकार्यच होते! कोणीच पुढे जायचे नाही, म्हणजे कोणीच मागे पडत नाही.

२०२१ मध्ये पुन्हा तेच. बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन गटाला मिळून ८७.५ कोटी युरो दंड झाला. डिझेल गाडीचा विषारी धूर साफ करणारे तंत्र कायद्याच्या किमान मर्यादेपेक्षा चांगले करता येत असतानाही, त्यात स्पर्धा करायची नाही असे या कंपन्यांनी डायम्लरसह आपसात ठरवले होते. डायम्लरने माहिती दिली म्हणून ती सुटली. ही दोन्ही प्रकरणे मुख्यतः विषारी वायूंची आहेत, कार्बनची नव्हेत. पण मालकवर्गाची रीत त्यातून स्वच्छ दिसते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. त्या ट्रक संगनमतातल्या डायम्लर आणि व्होल्वो या दोन कंपन्यांनी २०२१ मध्ये 'सेलसेंट्रिक' नावाची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी काढली. हायड्रोजनवर चालणाऱ्या ट्रकसाठी लागणारे फ्युएल सेल एकत्र बनवायचे आणि ट्रक मात्र वेगवेगळे विकायचे. कालपर्यंत तंत्रज्ञान कधी आणायचे हे संगनमताने ठरवणारे आज ते आणण्यासाठी एकत्र कसे आले? त्यांचे हृदयपरिवर्तन झाले असे आम्ही मानत नाही. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. संगनमताला जबर दंड बसला होता. आणि २०१९ मध्ये युरोपने कायदा केला की, नव्या ट्रकचे कार्बन उत्सर्जन २०२५ पर्यंत १५ टक्के आणि २०३० पर्यंत ३० टक्के कमी झालेच पाहिजे. पुढे २०२४ मध्ये २०३० चे लक्ष्य ४५ टक्क्यांवर नेले गेले. तारीख ठरली, आकडा ठरला, चुकलात तर दंड ठरला. मग सहकार्याची दिशाही बदलली.

आपल्या देशात काय झाले? १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ मानके लागू व्हायची होती. कंपन्यांकडे बीएस-३ ची ८ लाखांहून जास्त वाहने पडून होती. त्यात सुमारे ९६ हजार व्यापारी वाहने होती. उरलेला माल विकू द्या, म्हणून वाहन उत्पादकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. मात्र पुण्याच्या बजाज ऑटोने वेगळी भूमिका घेतली. आम्ही खर्च करून वेळेत नवी मानके आणली, मग न आणणाऱ्यांना सवलत का, असा तिचा सवाल होता. २९ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने बंदी घातली आणि कंपन्यांच्या व्यापारी हितापेक्षा लोकांचे आरोग्य मोठे आहे, असा कौल दिला. बजाजने हे काही समाजसेवा म्हणून केले नाही, स्वतःच्या फायद्यासाठीच केले. पण कायद्याची तारीख पक्की असली की एका मालकाचा फायदा दुसऱ्या मालकाच्या टाळाटाळीला कसा आडवा येतो, ते इथे दिसले.

तारीख पक्की नसली की काय होते, तेही पाहा. अवजड वाहनांच्या इंधनवापराची मानके २०१७ मध्ये अधिसूचित झाली. इंधन कमी जळाले की कार्बन कमी, इतके हे सरळ आहे. ती २०१८ पासून लागू व्हायची होती. प्रत्यक्ष अंमल १ एप्रिल २०२३ उजाडल्यावर झाला. मधली पाच वर्षे डिझेल कोणाच्या फुप्फुसात गेले? राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला चहाची टपरी टाकणाऱ्याच्या, ट्रकच्या केबिनमध्ये झोपणाऱ्या क्लीनरच्या आणि रस्त्याचे डांबर टाकणाऱ्या मजुराच्या.

आता कंपन्यांची शर्यत तारखांमध्ये लागली आहे. टाटा मोटर्स म्हणते, आमचा व्यापारी वाहनांचा धंदा २०४५ पर्यंत नेट झिरो होईल. अशोक लेलँड म्हणते, आम्ही २०४८ पर्यंत होऊ. देशाने २०७० सांगितले आहे. स्पर्धा चांगली आहे, आमचा तिला विरोध नाही. पण वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या तारखेला आज पैसे पडत नाहीत. पुढच्या वर्षी किती कमी करणार, ते सांगा.

पोलादाचेही तसेच. भारतात एक टन पोलाद बनवताना सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी त्यापेक्षा बरीच कमी आहे. आपल्याकडे कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या भट्ट्या फार, हे त्याचे एक मोठे कारण. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते पोलाद हरित, आणि जितके कमी तितके तारे जास्त, १.६ टनांच्या खाली गेलात तर पाच तारे. युरोपने आपल्या सीमेवर कार्बनचा कर लावायला घेतल्यामुळे निर्यात करणाऱ्या कंपन्यांची धावपळ सुरू आहे. त्याचबरोबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना आहे. लोखंड-पोलाद हे तिच्यातल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. ठरवून दिलेल्या लक्ष्यापेक्षा ज्याने जास्त कमी केले त्याला क्रेडिट मिळणार. ज्याला जमले नाही त्याने ते विकत घ्यायचे. म्हणजे स्पर्धा आणि सहकार्य एकाच बाजारात.

इथे तरुणांनी नीट लक्ष द्यावे. हे लक्ष्य टनामागचे आहे, एकूण धुराचे नाही. समजा एक कारखाना वर्षाला १ लाख टन पोलाद बनवतो आणि टनामागे २.५ टन कार्बन सोडतो. एकूण झाले अडीच लाख टन. उद्या त्याने टनामागे २.२ टनांवर आणले, त्याला तारे मिळाले, क्रेडिट मिळाले. पण उत्पादन दीड लाख टनांवर गेले तर एकूण कार्बन होतो ३ लाख ३० हजार टन. कागदावर कंपनी हिरवी झाली आणि चिमणीतून जाणारा कार्बन वाढला!

दुसरी गोष्ट. कार्बन इथून गेला काय किंवा गुजरातमधून गेला काय, पृथ्वीच्या तापमानाला फरक पडत नाही, असे शास्त्र सांगते आणि ते खरे आहे. म्हणूनच क्रेडिटचा व्यापार होऊ शकतो. पण भट्टीतून एकटा कार्बन बाहेर पडत नाही. त्याच्यासोबत धूळ, काजळी आणि गंधकाचे वायू येतात, आणि ते मात्र शेजारच्या वस्तीवरच बसतात. एखाद्या कारखान्याने दूरच्या प्रतिस्पर्ध्याकडून क्रेडिट विकत घेतले, तर हिशेब फिटला. पण त्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतल्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरची काजळी कोणत्या क्रेडिटने धुतली जाणार? कारखान्यांच्या आणि डम्पिंगच्या शेजारी कोणाच्या वस्त्या असतात, हे या लेखाच्या वाचकाला सांगायची गरज नाही. गावकुसाबाहेरचा भूगोल औद्योगिक वसाहतीतही तसाच राहतो.

तिसरा प्रश्न रोजगाराचा. विजेवर चालणाऱ्या वाहनाला डिझेल वाहनासारखा अनेक गिअरचा डबा लागत नाही. कुठे एक गिअर पुरतो, अवजड ट्रकला दोन-चार लागतात. ज्या जिल्ह्याचे नाव गिअरबॉक्सशी जोडलेले आहे, त्या जिल्ह्यातल्या आयटीआयच्या पोरांना हे कोणी सांगितले आहे का? आम्ही विजेच्या ट्रकच्या विरोधात नाही. तो यायलाच हवा. पण तो येताना आधी कंत्राटी कामगार घरी जाणार, मग कायम कामगाराला स्वेच्छानिवृत्ती, आणि बॅटरी, मोटर, सॉफ्टवेअरचे नवे विभाग भरले जाणार कॅम्पस मुलाखतीतून, असे झाले तर आम्ही गप्प बसायचे का?

आपल्याला हा अनुभव नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली होती. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात येऊ दिले जात नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. उद्योग तोच, मजूरवर्ग तोच, पण चांगल्या पगाराच्या खात्याचे दार आपल्यासाठी बंद. आज कोणी धाग्याचे कारण देणार नाही. आज 'मेरिट' आणि 'स्किल' ही कारणे आहेत, आणि खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. हरित उद्योगाचे विणकाम खाते कोणाला मिळणार, हे आत्ताच विचारले पाहिजे.

आपल्यातलेच काही मित्र विचारतील, आधी रोजगार येऊ द्या, पर्यावरण नंतर पाहू. त्यांना आमचे उत्तर असे की, जो कारखाना कार्बनच्या नियमांत बसणार नाही त्याचा माल उद्या विकला जाणार नाही आणि मग रोजगारही राहणार नाही. आणखी काही जण म्हणतील, भारतीय माणसाचे दरडोई उत्सर्जन अमेरिकन माणसाच्या तुलनेत फारच थोडे आहे, मग आपण का सोसायचे? हा मुद्दा न्यायाचा आहे आणि आम्हाला तो पटतो. पण मग न्याय देशाच्या सीमेवर येऊन थांबू नये. ज्या तर्काने भारत अमेरिकेला जाब विचारतो, त्याच तर्काने रोवणीला गुडघाभर चिखलात उभी राहणारी शेतमजूर बाई भारतीय भांडवलदाराला जाब विचारू शकते. तिच्या घरात ना कार आहे, ना एसी. मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा टिनाच्या छपराखाली तीच असते.

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मांडणी केली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, तेव्हा सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी एका टेबलावर बसायची त्रिपक्षीय पद्धत त्यांनी बळकट केली. आज कार्बनच्या टेबलावर सरकार आहे, मालक आहेत, सल्लागार कंपन्या आहेत. तिसरी खुर्ची गायब आहे. आपली लढाई त्या खुर्चीसाठी आहे.

आपल्या विदर्भाने सहकार्याचा दुसरा अर्थही पाहिला आहे. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास यांनी बिडी मजुरांची संघटना बांधली आणि ठेकेदाराला बाजूला सारून सहकारी तत्त्वावर बिडीचे काम उभे करण्याचा प्रयत्न केला. मालकांनी आपसात हात मिळवणे आणि मजुरांनी आपसात हात मिळवणे, या दोन्हींना 'सहकार्य' हा एकच शब्द वापरला जातो. आपल्याला कोणते हवे, हे ठरवावे लागेल.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

एक, टनामागच्या आकड्याबरोबर प्रत्येक मोठ्या कारखान्याचे एकूण वार्षिक उत्सर्जन आणि परिसरातल्या धुळीचे मोजमाप मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे.

दोन, कार्बन क्रेडिट विकून मिळणाऱ्या पैशाचा ठराविक हिस्सा त्याच कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांच्या प्रशिक्षणावर आणि शेजारच्या वस्तीच्या आरोग्यावर खर्च व्हावा.

तीन, सरकारी सवलत, जमीन किंवा स्वस्त वीज घेणाऱ्या हरित उद्योगात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना नोकरीत प्रतिनिधित्व हवे. सवलत जनतेच्या पैशातून असेल तर प्रतिनिधित्वही जनतेचे असले पाहिजे.

चार, प्रतिस्पर्धी कंपन्यांनी चार्जिंग, हायड्रोजन, भंगार गोळा करणे यांसाठी जरूर एकत्र यावे. पण त्या करारात काय ठरले ते जाहीर व्हावे. बंद दाराआडच्या सहकार्याने युरोपात काय केले ते वर सांगितलेच आहे.

मागण्या करून थांबायचे नाही. कार्यकर्त्यांनी करायची कामेही आहेत. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रत्येक प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेणाऱ्या उद्योगाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरण द्यावे लागते. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून उत्सर्जनाचा आणि कामगारांचा तपशील वार्षिक अहवालात देणे बंधनकारक आहे; किती कायम आणि किती कंत्राटी, तेही त्यात असते. हे कागद मागवा. मिळत नसतील तर माहितीचा अधिकार वापरा. २००६ च्या अधिसूचनेनुसार होणाऱ्या जनसुनावणीला पंधरा-वीस जण तयारी करून जा आणि आपले म्हणणे लेखी नोंदवा. खाणीच्या गावांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारावे. आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी विजेच्या वाहनांचा अभ्यासक्रम आपल्याच संस्थेत सुरू व्हावा म्हणून निवेदन द्यावे. बुद्धविहारात रविवारी जमतो, त्यातला एक रविवार या कागदांच्या वाचनाला द्यायला काय हरकत आहे?

१९५४ मध्ये याच भंडाऱ्यातून बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. या जिल्ह्याने त्यांना संसदेत पाठवले नाही, हे आपण सत्तर वर्षे हळहळत सांगत आलो आहोत. हळहळ पुरे झाली. त्यांनी शिकवलेली कागद वाचायची, आकडा तपासायची आणि मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायची रीत वरठीच्या, गडेगावच्या आणि तुमसरच्या पोरांनी हाती घ्यावी. पुढची जनसुनावणी लागली की तारीख एकमेकांना कळवा आणि सगळे मिळून जाऊ.

जय भीम!